बुवीचा अंगठा

"निघाला गं बाई, निघाला! बघा, ज्योत कशी ताठ उभी राहिली!"

बायकांनी एकच गलका केला. मोहल्ल्यातली निम्मी बाईमाणसं त्या एका खोलीत कोंबली होती, आणि उरलेल्या बायका सताड उघड्या दारात, बर्फात पाय रोवून, माना लांब करून उभ्या होत्या. मधोमध, खोली तापवणाऱ्या गॅसच्या बॉयलरपुढे, जिन्न उतरवणारी मुहर्रम-बुवी गुडघे टेकून बसलेली. डोळे मिटलेले, ओठ पुटपुटताहेत, अंगावरची ऐसपैस शाल थेट बॉयलरच्या पायापर्यंत पसरलेली. घरच्यांनी काड्यापेट्या संपवल्या तरी जी ज्योत टिकत नव्हती, ती बुवीच्या मंत्रासरशी गुमान तेवायला लागली. मग याला जिन्न नाही तर काय म्हणायचं, सांगा!

"हट्टी आहे मेला," बुवीनं कपाळाचा घाम पुसला. "सात डोंगरांपलीकडून आलाय. तुमच्या सुनेवर जीव जडलाय त्याचा."

ती सून, झुमरद, बाळाला उराशी धरून जमिनीवरच्या गादीवर पडली होती. तिचा चिल्ला चालू होता. बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस आई-बाळानं घराबाहेर पडायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही, म्हणजे नाही. नवरा रशियात बांधकामावर. घरात राज्य सासूचं, सालोमत-आयाचं. नातवाला थंडी बाधू नये म्हणून आयानं खिडक्यांच्या फटींवर खळीनं कागद चिकटवले होते, दाराला लोकरीचा जाड नमदा ठोकला होता आणि भिंतीतलं हवेचं भोक जुन्या उशीनं गच्च बुजवलं होतं. माया होती हो म्हातारीची, खोटं कशाला बोला! पण त्या मायेत पोरीचा जीव गुदमरत होता.

डोकं ठणकायचं, पाय शिशाचे व्हायचे, डोळ्यांपुढे काळ्या सावल्या नाचायच्या. आणि बाळ... बाळ दोन दिवसांपासून धड दूध ओढत नव्हतं. रडतही नव्हतं. नुसतं झोपून. झुमरदच्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं. लग्नानंतरही ती शाळेत विज्ञान शिकवत होती, पण इथं बाळंतिणीचं विज्ञान ऐकतो कोण? "आयाजान, खिडकी जरा उघडू?" म्हटलं की आया किंचाळायची, "पोराला मारतेस का गं?"

मात्र एक गोष्ट तिच्या मनाला खुपत होती. अंगणातल्या संडासात जाण्यापुरतीच तिला सुटका होती, आणि तिथं गेली की डोकं हलकं व्हायचं. खोलीत परतली की पुन्हा घण. वा रे जिन्न! सात डोंगर ओलांडणाऱ्याला अंगण ओलांडवत नाही होय? बुवी आली की दार उघडं, गर्दी, मोकळी हवा, आणि बरं वाटायचं. बुवी गेली, दार लागलं, की ज्योत पिवळी पडून मान टाकायची.

आणि आज तिला आणखी काही दिसलं. बाकी साऱ्या उभ्या होत्या, त्यांना दिसली ती शाल. जमिनीवर पडलेल्या झुमरदला शालीखालचं दिसलं. बुवीचा उजवा अंगठा बॉयलरच्या बटणावर होता. मंत्र सुरू, अंगठा दाबलेला. मंत्र संपला, अंगठा उचलला.

"आता याला कायमचा बांधते," म्हणत बुवीनं एक ताईत काढला आणि त्याच्या दोऱ्यानं ते बटण दाबून करकचून बांधून टाकलं. "आता ज्योत विझायची नाही. आई-बाळाला बॉयलरला खेटून निजवा. दार बंद करा. मी उद्या येईन, तोवर कुणी उघडायचं नाही. उघडलंत तर पोर हातचं जाईल!"

सालोमत-आयानं मान डोलावली.  झुमरद भिंत धरून उठली, बाळाला रजईत गुंडाळलं आणि दाराकडे निघाली.

"अगं चिल्ला! चिल्ला मोडतेस!" आया आडवी आली.

"मोडू दे, आयाजान. बाळ जगलं तर पुन्हा पाळीन." ती बायकांना रेटत अंगणात पोचली आणि वळून म्हणाली, "बुवी, जिन्न माझ्यावर आहे ना? ही बघा मी बाहेर. मग आत तुम्हाला काय भीती? बसा की. दार मी लावते. उद्या उघडू."

बुवी हसली, पण ते हसणं काही जमलं नाही. "मला आणखी एका घरी जायचंय, पोरी."

"मग तासभर तरी?"

"वेड लागलंय हिला!" बुवीनं शाल सावरली आणि तिचे पाय आपोआप दाराकडे वळले.

सालोमत-आया तिच्याकडे बघतच राहिली. "बुवी, माझ्या नातवाला रात्रभर निजवायला निघाला होतात ना? मग तुम्हाला तासभर का बसवत नाही?"

 एवढ्यात थंड हवेत बाळानं अशी आरोळी ठोकली की आयाला हुंदका फुटला. तिनं आधी गॅस बंद केला, मग दोरा तोडला, मग भोकातली उशी हिसकून अंगणात भिरकावली. बुवी मात्र केव्हाच पसार झाली होती.

"ते बटण अर्धा मिनिट दाबून धरावं लागतं, आयाजान," झुमरद म्हणाली. "आतली दांडी तापली की ज्योत टिकते. गॅस वाया जाईल म्हणून तुम्ही लगेच सोडत होता. बुवीचा मंत्र अर्ध्या मिनिटाचा, बस्स. विस्तवालाही श्वास लागतो. आपण खोली बुजवली, तसा तो अर्धवट जळून विषारी वायू सोडायला लागला. ना रंग, ना वास. धूर धुराड्यातून वर जाईना, उलटा आत यायला लागला, म्हणून बॉयलर आपणहून विझत होता. आपल्याला वाचवत होता तो! बटण दाबलेलं राहिलं की त्याला विझताच येत नाही, आणि ही बाई तेच बांधून चालली होती."

बाळाला तडक दवाखान्यात नेलं. ते वाचलं. झुमरदही.

तेव्हा बाबांनो, बायांनो, ज्योत पिवळी पडत असेल, बंद खोलीत घरभर डोकी दुखत असतील, तर मंत्र शोधत बसू नका. गॅस बंद करा, दारं उघडा, आधी माणसं बाहेर काढा. मग गॅसवाल्याला बोलवा. आणि कुणी म्हणालं की तुमचं पोर आत कोंडा, तर त्याला म्हणा, आधी तू बस.