सोडणांच्या खड्ड्यातलं रगत

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि आचऱ्याजवळच्या एका खोलगट मळ्याच्या काठावर माझ्याबरोबर उभे राहा. साल १९८४, मे सरत आलेला. तिथल्या एका खड्ड्याच्या चिखलात ठोकलेल्या बांबूच्या नळीतून नितळ पाणी वाहतंय. गावचे मांत्रिक लवू बुवा ते तांब्यात धरतात, मंत्र पुटपुटत उंचावरून दुसऱ्या तांब्यात ओततात, परत पहिल्यात. अर्धा तास हेच. मग पांढऱ्या थाळ्यात पाणी ओततात आणि गर्दी दचकून मागे सरते. पाणी तांबडंलाल!

"रगत! देवीचा रगत!" बुवा गरजले. "सुशीलेची कुदळ देवीक लागली. आता खड्ड्याक कोणी हात लावूचो नाय. नारळ नि कोंबडे घेऊन येवा, मी देवीक समजावतंय."

सुशीलेची अकरा वर्षांची शुभदा गर्दीतच होती. आईने आठ महिन्यांपूर्वी त्या खड्ड्यात सोडणं, म्हणजे नारळाची सालं, कुजायला पुरली होती. ती काढून बडवायची, काथ्या करायचा, दोर वळायचे. त्यावरच घर चाले. पाऊस आठवड्यावर आला होता. मळा एकदा भरला की सगळी मेहनत पाण्यात.

घरी आल्यावर शुभदाने विचारलं, "आये, नळीत पाणी नितळ आणि थाळ्यातच रगत कशाक?"

"गप रव गो! बुवा आयकतले."

शेवटी ती शाळेतल्या सदानंद गुरुजींकडे धावली. गुरुजी म्हणाले, "बुवा पाण्यात काय घालतात, ते बघून ये."

ती धापा टाकत परतली. "काय्येक नाय! नुसता ओततत."

"ओतताना पाण्यात काय शिरतं?"

शुभदा ओरडली, "वारो!"

दुसऱ्या दिवशी तिने त्याच नळीखाली दोन बाटल्या धरल्या. पहिली पार ओसंडेपर्यंत भरून घट्ट बूच लावलं. दुसरी अर्धीच भरली आणि हात दुखेपर्यंत हलवली. मग दोन्ही गर्दीपुढे ठेवल्या. तासाभरात दुसरी लाल झाली. पहिली नितळच.

"त्या बाटलीक इटाळ झालो!" बुवा ओरडले.

"मगे देवी बुचाक घाबारता काय हो बुवा?" बाबली खलाशाने विचारलं. लोक हसले.

शुभदाने बूच काढलं आणि ते पाणी दोन भांड्यांतून खालीवर ओतत राहिली. मंत्र नाही, नारळ नाही. तेही लाल झालं. बुवांना अचानक दुसऱ्या गावची पूजा आठवली.

गर्दीत उभे असलेले गुरुजी पुढे येऊन म्हणाले, "आपल्या तांबड्या मातीत लोखंड आहे. खड्ड्यात सोडणं कुजतात, तेव्हा चिखलातली हवा संपते. मग तिथले सूक्ष्म जीव हवेऐवजी मातीतल्या लोखंडावर भागवतात. ते लोखंड पाण्यात विरघळतं आणि दिसत नाही. वर येऊन हवा लागली, की त्याचा गंज होतो. विळ्यावर चढतो तोच. कुजलेल्या सालांचा रस त्या गंजाला चिकटून मातीत टिकून राहतो. यात देवीला जखम कुठे झाली?"

मुलांनो, अद्भुत दिसलं तर जरूर बघा. पण हात जोडण्याआधी एकदा तरी विचारा, हे माझ्या हातून होईल का?

तरीही त्या दिवशी खड्ड्यात कोणी उतरेना. सुशीलाही काठावर कुदळ धरून उभीच राहिली. मान्सूनचे ढग खाडीवर जमत होते.

शुभदाने परकर खोचला, त्या लाल चिखलात गुडघाभर उतरली, आणि पहिलं सोडण उपसून आईच्या पायाशी फेकलं.