सात तेलविहिरी

शशिधर जोगळेकरांना इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या नकाशे बनवणाऱ्या ऑफिसात सगळे गोड माणूस म्हणत. त्यांच्या हाताखालच्या ऋजुताला मात्र दोन वर्षांत त्यांचा वीट आला होता. तिनं केलेल्या प्रत्येक नकाशावर हे गृहस्थ खुशाल स्वतःचं नाव ठोकत, आणि तिचा व्हिसा त्यांच्या हातात असल्यामुळे ती मूग गिळून बसे.

या खेपेला काम होतं टेक्सासातल्या गुरांच्या एका रँचचं. गुरं गेली, तेल संपलं, आता मालक कंपनीला ती जमीन घरांसाठी विकायची होती. १९२६च्या नकाशात तिथे सात तेलविहिरी होत्या, १९५८च्या नकाशात एकही नाही. ऋजुतानं आठवडाभर डोळे फोडून कारण शोधलं. पहिला नकाशा रानभर पायपीट करून काढलेला, दुसरा विमानातल्या फोटोंवरून. तोवर विहिरींवरचे मनोरे काढून नेलेले, वरून दिसणार काय? भोकं जमिनीत तशीच होती. त्यांतून गॅस झिरपला, तर वर राहणारी माणसं जिवानिशी जाणार होती.

शशिधरांनी सातही ठिपके पुसायला सांगितले. तेही टीमसमोर, मराठीत आणि हसत हसत. बाजूच्या इंग्रजांना वाटलं, कौतुकच चाललंय. १९५८चा नकाशा तो खरा, जास्त शहाणपणा केलास तर पुढच्या महिन्यात पुण्यात असशील, असं ते म्हणत होते. ऋजुताला संताप आला.

तिनं ठिपके पुसले, तपासणीच्या चौकटीत नेहमीसारखं त्यांचं नाव घातलं आणि लॅपटॉप फिरवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत विचारलं, "शशिधर, विल यू साइन इट?"

माना वळल्या. शशिधरांचा हात माउसकडे गेला आणि मागे आला.

"माझं नाव कशाला?" ते दबक्या आवाजात मराठीत म्हणाले. "तुझं घाल."

"का? विहिरी नाहीत म्हणता ना?"

त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे परत ढकलला. विहिरी आहेत हे या माणसाला पुरतं ठाऊक होतं, आणि उद्या कुणी मेलं तर मान तिची अडकावी एवढीच त्याची व्यवस्था होती.

ऋजुतानं सातही ठिपके जागेवर आणले, स्वतःचं नाव घातलं आणि फाइल मालक कंपनीला पाठवली, तशीच जमीन घेणाऱ्या बिल्डरलाही.

शशिधरांनी तिच्यासमोरच एचआरला फोन लावला. तिनं लॅपटॉप मिटला आणि त्यांचं बोलणं संपायची वाट पाहत तिथेच बसून राहिली.