टेकलं की पुढे सरकणारा दांडा

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. कशाचा दांडा, हे सांगताना मात्र माझी पंचाईत होते. कुदळीचा दांडा कुदळीचा असतो, फावड्याचा फावड्याचा. मी मणी-चक्राचा दांडा आहे, असं मला आयुष्यभर वाटत होतं. मग एक हिवाळा असा आला की माझं मलाच काही कळेना. आजही सगळं कळलंय असं नाही. तुम्ही ऐका. तुम्हाला कळलं तर बरंच आहे.

माझा जन्म लेहकडच्या डोंगरांतल्या लुंगमार गावातल्या एका जर्दाळूच्या झाडावर झाला. एका वर्षी ऐन फुलोऱ्यात बर्फ पडलं आणि त्या ओझ्यानं मोठी फांदी मोडली. झाड थुंडुप सुताराचं होतं. तेव्हा तो तरणा होता, त्याला रडायला वेळ नव्हता. त्यानं फांदीचे चार तुकडे केले, तासले, गुळगुळीत घासले आणि जर्दाळूच्या बियांचं तेल पाजून उन्हात ठेवले. आम्ही चार भाऊ असे तयार झालो.

गावाच्या चौकात तेव्हा नवं मणी-चक्र बसत होतं. माणसाहून उंच तांब्याचा ढोल, पोटात मंत्राचे कागद ठासून भरलेले. ढोल एकदा फिरला की तेवढे सगळे मंत्र एकदा म्हटल्यासारखं. त्या ढोलाला कमरेच्या उंचीवर चारी बाजूंनी आम्हाला बसवलं. उजव्या हातानं आम्हाला धरायचं, तोंडानं मणी, म्हणजे तो मंत्र, म्हणायचा आणि ढोलाभोवती गोल चालायचं. एक फेरा वीस पावलांचा.

पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट चमत्कारिक वाटली. दांडा म्हणजे आधार, असं थुंडुप तासताना म्हणाला होता. पण माझ्यावर कोणी भार टाकला की मी पुढे सरकत असे. मी तरी काय करणार? ढोल फिरायचा, त्याच्याबरोबर मी. ज्याला टेकून उभं राहायचं असेल, त्याच्या मी काही कामाचा नव्हतो. ज्यानं पाऊल उचललं, त्याच्यासाठी मात्र मी होतो. असला कसला हा आधार? भावांना विचारलं, तर त्यांनाही सांगता येईना.

तरी दिवस चांगले गेले. सगळ्यांत जास्त माझ्याजवळ आल्या त्या यांगझेस. आल्या तेव्हा पाठीवर लेक बांधलेला असायचा. पुढे तो लेक, गुरमेत, आपल्या पायांवर उभा राहायला शिकला तोही माझ्याखाली. वर आईचा हात, खाली त्याची मूठ. तो धपकन बसायचा, मी पुढे जायचो, आणि तो रडत रडत उठून माझ्यामागे यायचा. नवरा गेला, लेक मोठा झाला, लेहला नोकरीला गेला. यांगझेसच्या नावाआधी कधी ‘अबी’ म्हणजे आजी लागलं, ते मला कळलंही नाही. रोज सकाळी त्या झोमोची, म्हणजे याकच्या जातीच्या गाईची, धार काढून, चहा पिऊन येत आणि एकशे आठ फेरे घालत. पंचाहत्तरी उलटली तरी एकशे आठच. माझ्या अंगावर त्यांच्या तळव्याएवढा खोलगट भाग झाला होता. गावात कोणी पाहुणा आला की थुंडुप म्हणे, “हा दांडा मी केला, पण पॉलिश अबीनं केलं.”

अबी कुरकुरतही. “गुडघे बोलतात रे माझे,” त्या फोनवर लेकाला सांगत. “मी एक मणी म्हटला की ते दोन म्हणतात.”

त्यांनी हे हसत सांगितलेलं, पण लेकाला ते लागलं.

गुरमेत लेहमध्ये सौर दिव्यांचं काम करायचा. एका शरद ऋतूत तो गाडीत सौर विजेची एक निळी पाटी आणि छोटी मोटार घेऊन आला. दोन दिवस खपून त्यानं चक्राला पट्टा बसवला. बटण दाबलं आणि ढोल आपोआप फिरायला लागला! सगळं गाव जमलं. एकानं टाळ्या वाजवल्या, एकानं नमस्कार घातला.

“अमा-ले,” गुरमेत आईला म्हणाला, “आता तू फक्त बस. ऊन आहे तोवर हे फिरत राहील. तू वर्षभरात जेवढे फेरे घालतेस तेवढे हे महिन्याभरात घालेल.”

अबीच्या डोळ्यांत पाणी आलं. “माझ्यासाठी केलंस?”

“मग काय मोटारीसाठी?”

आता फिरणारे दांडे कोणाला लागू नयेत म्हणून आम्हा चौघांना त्यानं काढून कोपऱ्यात उभं केलं. माझा एक भाऊ फावड्याला गेला, एक दाराचा अडसर झाला, एक कोणाच्या तरी चुलीत. मी तेवढा भिंतीशी राहिलो. चक्र तर पूर्वीपेक्षा छान फिरत होतं. मग मी कशाचा दांडा होतो? आणि जर चक्रासाठी माझी गरजच नव्हती, तर इतकी वर्षं मी काय करत होतो?

समोर एक बाक आला. मऊ गालिचा आला. त्यावर अबी आणि थुंडुप बसू लागले. थुंडुपलाही आता लोक मेमे म्हणत, म्हणजे आजोबा. त्यांना मोटार भारी आवडली.

“अबी, आज माझे दोन हजार झाले.”

“तुझे कुठले? मोटारीचे.”

“मी बघत होतो की.”

“मग मी तुला जेवताना बघते. माझं पोट भरू दे.”

“तू जळतेस माझ्या पुण्यावर!”

अबी हसायच्या, पण थोडंच. मी कोपऱ्यातून बघत होतो. पहिल्या महिन्यात त्या बाकावरून सहज उठत. दुसऱ्या महिन्यात गुडघ्यावर हात टेकून. तिसऱ्या महिन्यात मेमेंच्या खांद्यावर हात टेकून, आणि मेमे म्हणत, “हळू गं, मलाही उठायचंय अजून.” अबी पावलं लहान टाकू लागल्या, पाय जमिनीवरून घासत नेऊ लागल्या. चक्र रोज हजारो फेरे घेत होतं आणि त्याच्यासमोर दोन माणसं रोज थोडी थोडी गोठत चालली होती. मला हा हिशेब लागत नव्हता. पुण्य वाढत असेल तर पाय का कमी होत होते?

मग एका दुपारी अबी बाकावरून उठल्या, पाय जागचा हलला नाही, आणि त्या कुशीवर पडल्या.

उपकेंद्रातली नर्स डिस्कित धावत आली. तिनं मनगट बघितलं, कंबर बघितली, पाय हलवून बघितले. “हाड वाचलंय, अबी-ले. पण तुमच्या पायांत जोरच नाही. गेल्या वर्षी तर तुम्ही वरच्या शेतात चढून जात होतात! पूर्वी रोज किती चालायचात?”

“चालायचे कुठे गं मी? मी मणी फिरवायचे.”

“किती फेरे?”

“एकशे आठ.”

डिस्कितनं पावलांनी एक फेरा मोजला आणि तोंडातल्या तोंडात गुणाकार केला. मग ती बाकावर बसलीच. “अबी, ही तर रोजची दोन हजारांवर पावलं झाली. याला चालणंच म्हणतात!”

अबी गोंधळल्या.  मग अगदी हळू आवाजात विचारलं, “म्हणजे नोमो, पोरी, एवढी वर्षं मी मणीसाठी येत होते की पायांसाठी? पायांसाठी आले असेन तर पाप नाही ना लागणार?”

डिस्कितनं बाकावरचा गालिचा त्यांच्या पायांवर ओढला. मलाही तोच प्रश्न पडला होता.

संध्याकाळी बातमी कळून गुरमेतचा फोन आला. अबीनं तो मोठ्या आवाजावर ठेवला होता, त्यामुळे सगळं ऐकू आलं. “अमा-ले, आता पुरे. बर्फ वितळलं, रस्ता उघडला की मी न्यायला येतोय. लेहला माझ्या खोलीत राहा. झोमो विकून टाकू. घराला कुलूप.”

अबी नको म्हणाल्या नाहीत. फोन ठेवून आपल्या घराकडे बघत राहिल्या. ते चौकातून दिसायचं, चढावर, निळ्या खिडकीचं. मग म्हणाल्या, “थुंडुप, तो दांडा दे.”

मेमेंनी मला काठी म्हणून त्यांच्या हातात दिलं. अबी चिडल्या. “टेकायला नको आहे मला! जिथं होता तिथं बसव.”

“आणि मोटार?”

“मोटारीला झोप लागू दे.”

“माझे दोन हजार...”

“मेमे, आज बाकावरून उठताना तुझं तोंड कसं झालं होतं ते मी बघितलंय.”

मेमेंनी हातोडी शोधून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टा काढला, मला पुन्हा ढोलात ठोकलं, आणि ठोकताना तीनदा दम खाल्ला.

मित्रांनो, त्या सकाळची माझी भीती मी विसरणार नाही. अबीनं हात ठेवला. तो हात पूर्वीचा नव्हता, त्यात कापरं होतं. त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला आणि मी पुढे सरकलो. मला सरकायचं नव्हतं! जागेवर थांबावं, त्यांना धरून ठेवावं असं मला फार वाटत होतं. पण लाकडाच्या हातात काय असतं? अबी झुकल्या, शेजारी उभी असलेली डिस्कित ओरडली, आणि अबीनं पाऊल टाकलं. एक. मग मी पुन्हा सरकलो. दुसरं. सात पावलांनंतर त्या थांबल्या आणि घामेजल्या तोंडानं हसल्या. “लबाड आहे हा. उभंच राहू देत नाही.”

पहिल्या दिवशी सात पावलं. डिस्कितनं आणखीही कामं दिली. बाकावरून हात न टेकता पाच वेळा उठायचं. भिंतीला बोट लावून टाचेपुढे टाच ठेवत चालायचं. चौकातलं बर्फ खरवडून माती पसरायची, आणि फाटक्या तळाचे बूट फेकून द्यायचे. बूट फेकण्यावरून अबी दोन दिवस भांडल्या. मेमे शेजारी उठाबशा काढत आणि मोजताना लबाडी करत. “तीन, पाच...”

“चार कुठे गेला?”

“चौथ्याला मी मनात उठलो.”

काही दिवशी अबी मागेच जात. काल अर्धा फेरा, आज चार पावलं, आणि बाकावर बसून रडणं. असं का होतं, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी हात पुन्हा माझ्यावर असे.

वसंतात गुरमेत गाडी घेऊन आला. आधी त्याला बंद मोटार दिसली. त्याचा चेहरा उतरला. “हे कोणी काढलं?”

“मी,” अबी म्हणाल्या.

“अमा-ले, मी ते तुझ्यासाठी केलं होतं.”

“माहितीये रे राजा. म्हणून तर चार महिने बसले.” त्यांनी त्याचा गाल धरला. “तू लहान असताना मी तुला कडेवरून खाली सोडलं, तेव्हा तू किती रडला होतास. मला तुला उचलावंसं वाटत नव्हतं का? वाटत होतं. पण उचललं असतं, तर आज गाडी कोणी चालवली असती?”

गुरमेतनं चढावरच्या निळ्या खिडकीकडे बघितलं. मग म्हणाला, “घरापासून इथपर्यंत एकटी ये. तीन फेरे घाल. एकटी परत जा. जमलं तर तू इथे. नाही जमलं तर गाडीत.”

“कबूल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अबी उतारावरून आल्या. पाय घासत नव्हत्या, उचलून टाकत होत्या. गुरमेत मागे दोन्ही हात पसरून चालत होता.

“पंख मिट तुझे. मला धास्ती वाटते.”

त्यांनी हात माझ्यावर ठेवला. पहिला फेरा झाला. दुसरा झाला. तिसऱ्यात अर्ध्यावर त्यांचा बूट एका खड्याला अडकला, सगळा भार माझ्यावर आला आणि मी, माझ्या जन्माच्या खोडीप्रमाणे, पुढे सरकलो. गुरमेतनं पाऊल उचललं, पण मेमेंनी त्याची बाही धरून ठेवली. अबीचा पाय हवेत क्षणभर चाचपडला. मग जमिनीवर आला. घट्ट.

तिसरा फेरा पुरा झाला. चौथाही त्यांनी घातला, कोणी न सांगता.

गुरमेतनं वाकून तो खडा उचलला आणि लांब फेकला. मग म्हणाला, “अमा-ले, सामान गाडीत ठेवू का?”

“कोणाचं? तुझं ठेव,” अबी म्हणाल्या. “आणि वाटेत खायला खंबीर रोटी बांधून ठेवलीय, ती विसरू नकोस.”

त्या चढावरून घरी गेल्या. दोनदा थांबल्या. एकट्याच गेल्या.

मित्रांनो, मी मंत्राचा दांडा आहे की पायांचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अबीनंही विचारणं सोडून दिलंय. पण एवढं सांगतो. तुमच्या घरात कोणी हळू चालत असेल, तर मायेपोटी त्यांना नुसतं बसवून ठेवू नका. त्यांच्या हातातलं रोजचं काम काढून घेऊ नका. वाटेतला खडा उचला, ओली जमीन पुसा, बुटांचे तळ बघा आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या चालीनं चाला. त्यांना वेळ लागेल. लागू द्या. त्यांचा हात तुमच्या हातात कापला, तर घाबरून थांबू नका. हळूच एक पाऊल पुढे व्हा, म्हणजे तेही एक टाकतील.