चढण्याआधीची हाळी

"त्यांना म्हणावं, आधी खाली उतरा, मग बोलू," वॉरेनबाई मला म्हणाल्या.

मी मान वर करून ओरडले, "बोडुबेबे, खाली उतर म्हणतायत!"

"त्यांनाच वर बोलाव. हवा झकास आहे," माडाच्या शेंड्यातून उत्तर आलं.

दुभाष्याचं काम माझं होतं, आणि त्यातलं निम्मं काम गाळण्याचं होतं. मी म्हटलं, "येतायत."

तो आला, पण आपलं काम उरकून. कमरेला सुरी, पाठीवर नीरेचं भांडं, आणि चेहऱ्यावर जगाशी भांडायची पूर्ण तयारी. इद्रीस, माझ्या आईचा थोरला भाऊ. मी त्याला बोडुबेबे म्हणायचे आणि माझं ऐकून पुढे अमेरिकनांची सगळी छावणी तेच म्हणू लागली. आमच्या बेटावर नीरा काढणारा तो एकटाच उरला होता. बाकीचे विमानतळावर नाहीतर पर्यटकांच्या हॉटेलांत चिकटले. त्याचेही बरेच माड रस्ता रुंद करताना गेले. नीरा उतरणारा असा हा एकच राहिला, त्याच्या आईनं लावलेला. नफीसामामी त्याच्या नीरेची काकवी करायची आणि आसपासची पोरं चुलीभोवती बोटं चाटत बसायची. नेमकं या माडाच्या मागच्या मैदानावर अमेरिकनांचं रडार येऊन बसलं.

ही माणसं ढगांसाठी आली होती. आमच्या समुद्रावर अधूनमधून ढगांची एक प्रचंड फौज उठते आणि पूर्वेकडे चालू लागते. तिच्यामुळे कुठे पूर येतात, कुठे पाऊस दडी मारतो. ती पुढे कशी जाते हे त्यांना ठाऊक होतं. मुळात उठते कशी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते बघायला वॉरेनबाईंच्या हाताखाली त्यांनी आमच्या अड्डू बेटांवर तळ ठोकला. दिवसभर फुगे सोडायचे, आणि रात्रंदिवस ते रडार गरगरा फिरत असायचं. त्यांची सगळी आशा पश्चिमेकडे होती, आणि पश्चिमेला, बरोबर मध्ये, बोडुबेबे झाडावर बसलेला.

"रडारच्या झोतासमोर माणूस चालणार नाही," वॉरेनबाईंनी समजावलं. "तुमच्या जिवासाठी सांगतेय."

"मग बंद ठेवा."

"ते बंद ठेवता येत नाही. तुम्ही काही महिने चढू नका."

बोडुबेबे हसला. नीरेसाठी माडाची पोय, म्हणजे कोवळा फुलोरा, सकाळ-संध्याकाळ छाटावी लागते. एक दिवस हात फिरला नाही की काप सुकतो आणि थेंब थांबतो. काही महिने थांबायचं म्हणजे धंदा सोडायचा.

नाजिम सोबत आला होता. तो आमच्या बेटाच्या कौन्सिलवर होता आणि रडार आल्यापासून त्याची मान ताठ झाली होती. तो म्हणाला, "काका, सगळं जग अड्डूकडे बघतंय. माड तोडून टाकू. कौन्सिल तुम्हाला रोप देईल."

"रोप देईल? आणि त्याला नीरा उतरेपर्यंत तू मला जिवंत ठेवशील?" बोडुबेबेनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नाजिमा, याच झाडाखाली वाटी घेऊन उभा असायचास. नाक गळायचं तुझं. झाड लावणाऱ्याचं असतं, एवढं तरी कौन्सिलला माहीत आहे ना?"

नाजिमनं नकळत नाक पुसलं. मग बोडुबेबे वॉरेनबाईंकडे वळला आणि मला म्हणाला, "आता मी सांगतो ते नीट सांग. काही गाळू नकोस."

मी नाही गाळलं. "माझ्या बापाच्या वेळी इथल्या न्हाण्यांना छप्परं नव्हती. वरून सगळं दिसायचं. म्हणून चढणाऱ्यानं आधी हाळी द्यायची आणि खालच्या बायकांनी सावरून घ्यायचं. आता सगळीकडे पत्रे आले, तरी मी हाळी दिल्याशिवाय चढलेलो नाही. तुमचं यंत्र काल आलंय. मी हाळी देईन. त्यानं तेवढा वेळ तोंड फिरवावं."

वॉरेनबाई हसल्या. पण त्यांचा तंत्रज्ञ थिओ डोकं खाजवत म्हणाला, "तसं करता येईल खरं. फिरणं चालू ठेवायचं आणि तेवढ्याच दिशेला झोत मारायचा नाही."

"थिओ, तू कुणाच्या बाजूचा आहेस?"

"मी काल ती काकवी खाल्लीय," थिओ म्हणाला.

तेव्हापासून रोज सकाळी आणि असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर बोडुबेबे बुंध्याशी उभा राहून ओरडायचा, "चढतोय होऽऽ! सावरा!" थिओ रडारच्या खोलीच्या खिडकीतून हात करायचा, की हा चढायला लागायचा. तेवढ्या वेळापुरती पडद्यावरच्या गोल चित्रात एक काळी फट पडायची, आमच्या रोशी पोळीचा घास तोडल्यासारखी. वॉरेनबाई तिच्याकडे बघून दात-ओठ खायच्या. त्यांचंही चुकत नव्हतं. त्या फटीत काय घडलं ते कायमचं गेलं.

कित्येक आठवडे आकाश कोरडं ठणठणीत राहिलं. मग एका दुपारी सगळी छावणी धावत सुटली. पश्चिमेला ढग उठत होते, एकावर एक चढत होते आणि विरत नव्हते. ज्यासाठी ही माणसं घरदार सोडून आली होती ते सुरू होत होतं.

वॉरेनबाई मला घेऊन तडक मामाच्या अंगणात आल्या. तो सुरीला धार लावत होता. मामीनं त्यांना बसायला दिलं, त्या बसल्या नाहीत.

"फक्त आजची संध्याकाळ," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं मी याची वाट बघतेय. मी हात जोडते."

त्यांनी खरंच हात जोडले. मला वाईट वाटलं. बोडुबेबेलाही वाटलं असावं, कारण त्यानं सुरी खाली ठेवली.

"बाई, तुमचं काम मोठं आहे. माझ्या आईला गोऱ्यांच्या धावपट्टीसाठी गान बेट सोडावं लागलं तेव्हाही कुणाचं तरी मोठंच काम होतं. तिनं बोचकं उचललं, इथे आली आणि हा माड लावला. आमचं काम कायम लहान, म्हणून कायम आम्हीच सरकायचं. आता मी नाही सरकणार. झाड आटलं तर मी नुसता म्हातारा उरतो."

"आणि मी चालूच ठेवलं तर?"

"हाळी देणं माझं काम. सावरणं तुमचं."

असर झाली. वारा सुटला होता, झावळ्या फडफडत होत्या. बोडुबेबे बुंध्याशी उभा राहिला. "चढतोय होऽऽ! सावरा!"

थिओचा हात दिसला नाही. मी खिडकीपाशीच होते. आत थिओ वॉरेनबाईंकडे बघत होता आणि त्या पडद्याकडे. पडद्यावर पश्चिमेला लाल-पिवळं नुसतं उसळत होतं.

बोडुबेबेनं पुन्हा हाळी दिली. रडार फिरत राहिलं. मला त्या क्षणी त्याचा भयंकर राग आला, एक दिवस ऐकलं असतं तर काय झालं असतं! आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. त्यानं तिसऱ्यांदा हाळी दिली, तळहातांवर थुंकी टाकली आणि पहिल्या खाचेत पाय रोवला.

वॉरेनबाई चित्राकडे बघतच होत्या. मग त्यांनी थिओला बाजूला सारून स्वतः बटण दाबलं. उसळत्या रंगांत काळी फट पडली. त्यांनी इंग्रजीत जी शिवी दिली ती मला नवीन होती. खिडकीतून हात बाहेर काढून हलवला तोही त्यांनीच.

तो उतरला तेव्हा पाऊस कोसळत होता. वॉरेनबाई भिजत बुंध्याशी उभ्या होत्या. "आता तरी सांगा," त्या म्हणाल्या, "तुम्ही वर होतात. तिकडे काय दिसलं?"

"मी सुरीकडे बघत होतो," बोडुबेबे म्हणाला. "नाहीतर बोट गेलं असतं."

मी हेही गाळलं नाही. वॉरेनबाईंनी तोंडावरचं पाणी पुसलं. त्यानं नीरेनं करवंटी भरून पुढे केली, ती त्यांनी एका दमात रिकामी केली, आणि पुन्हा पुढे धरली.

छावणी उठली, रडार बोटीवर चढलं. बोडुबेबे त्यानंतरही काही वर्षं चढला. मैदान रिकामं असलं तरी हाळी द्यायचा, क्षणभर खिडकी होती तिकडे बघायचा आणि मग पाय उचलायचा. शेवटी गुडघे गेले, काप सुकला, आणि त्याच पावसाळ्यात तोही गेला.

वॉरेनबाईंनी रडारच्या चित्रांची, ढगांच्या जन्माची फिल्म पाठवली ती त्यानंतर. शाळेच्या हॉलमध्ये नाजिमनं ती सगळ्यांना दाखवली. बेटाभोवती रंग फुलत होते, विझत होते, दिवस भराभर उलटत होते. कुणाला फारसं काही कळत नव्हतं, मुलं चुळबुळ करत होती. मग ती दुपार आली. पश्चिम लाल झाली, आणि त्या लालात काळी फट उघडली.

"चढला," नफीसामामी म्हणाली.

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांचे हात वर गेले आणि त्यांनी डोक्यावरच्या ओढण्या सावरून घेतल्या. मीही घेतली.