नऊ पावलं

त्या मंगळवारी पुनर्वसन केंद्रात वडील आठ पावलं चालले. एका बाजूने टॅमीने त्यांच्या कमरेचा पट्टा धरला होता, दुसऱ्या बाजूला आणखी एक नर्स, आणि मागे चाकांची खुर्ची घेऊन मी. खुर्चीत टेकल्यावर धापा टाकत ते म्हणाले, "नऊ."

"आठ, रेइनो," टॅमी म्हणाली. त्यांना पुन्हा चालायला शिकवण्याचं काम तिच्याकडे होतं.

"चाळीस वर्षं खाणीत ट्रक मोजलेत मी. नऊ."

"बरं, नऊ. उद्या दहा, नाहीतर कॉफी बंद."

"ही नर्स आहे की मुकादम?" त्यांनी मला विचारलं. "आणि कॉफी बंद करायची धमकी कसली देते? हिच्या कॉफीत कपाचा तळ दिसतो."

खुब्याच्या शस्त्रक्रियेला सोळा दिवस झाले होते. मी घरून आणलेल्या राय धान्याच्या काळ्या पावाचे दोन तुकडे त्यांनी लोणी लावून खाल्ले आणि खिडकीशी बसल्या बसल्या झोपले. दिवस इतका साधा होता, की त्यातलं काही लक्षात ठेवावं असं मला वाटलं नाही.

ते झोपले असताना फोन आला. विमा कंपनीतून, ब्रेंडा नावाच्या बाई. आवाज गोड, मागे कुत्रं भुंकत होतं. घरूनच काम करत असाव्यात.

"कसे आहेत तुमचे वडील?"

"मस्त!" मी म्हणाले. "काल तर जेवणाच्या हॉलपर्यंत चालत गेले."

गेले नव्हते. खुर्चीतून नेलं होतं. पण आमच्या उत्तरेकडच्या खाणगावांत कोणी विचारलं तर असंच सांगतात. आईचा कर्करोग हाडांत पोचला होता, तेव्हाही ती पाद्रींना म्हणाली होती, "ठीक चाललंय, तुमच्या गुडघ्याचं सांगा." आजाऱ्याचे खरे हाल परक्यासमोर मांडणं म्हणजे घरातले मळके कपडे अंगणात वाळत घालणं. मी गावाच्या ग्रंथालयात काम करते, त्रेपन्न वर्षांची आहे. शब्दांचा नेमका अर्थ काय हे लोकांना सांगण्यात माझं आयुष्य गेलं. तरी ते वाक्य तोंडातून निघालं, आणि ब्रेंडाबाई म्हणाल्या, "अरे वा, छानच की."

गुरुवारी पत्र आलं. 'रुग्ण जेवणाच्या हॉलपर्यंत चालू शकतो. केंद्रात राहण्याची वैद्यकीय गरज उरलेली नाही. शुक्रवारपासून खर्च मंजूर केला जाणार नाही.' खाली एका डॉक्टरांचं नाव होतं. त्यांनी वडिलांना कधी पाहिलं नव्हतं.

मी अपील केलं. दोन तास चाळीस मिनिटं फोनवर तोच एक पियानोचा तुकडा वाजत राहिला. शेवटी माणूस आला, तेव्हा मी ओरडले, "हे साफ खोटं आहे! हॉलपर्यंत चालले असं कोणी सांगितलं तुम्हाला?" तो म्हणाला, नोंद आहे, मॅडम. कोणी सांगितलं ते त्याच्या पडद्यावर असेल किंवा नसेल. मी पुन्हा विचारलं नाही. अपील शुक्रवारी सकाळी फेटाळलं गेलं, आणि दुपारी आम्ही त्यांना घरी आणलं.

शनिवार हा सौनाचा, म्हणजे गरम वाफेच्या अंघोळीचा दिवस. वडिलांनी आयुष्यात एकही शनिवार चुकवला नव्हता, आणि आमची सौना तळघरात. मी औषधं आणायला वीस मिनिटं गेले होते. परत आले तेव्हा तळघराचं दार उघडं होतं आणि ते जिन्याच्या तळाशी पडलेले होते. हातात भट्टी पेटवायला घेतलेली बर्चची साल होती.

अंत्यविधी पुढच्या गुरुवारी झाला. आदल्या दिवशी टीव्हीवर बातमी आली होती: दक्षिणेकडे कुठेशी एका विमा कंपनीच्या मोठ्या अधिकाऱ्याला हॉटेलच्या पार्किंगमध्ये कोणीतरी गोळ्या घातल्या. आमची कंपनी नव्हे, दुसरी. चर्चच्या तळघरात हॅमचे पाव आणि बटाटे-मांसाचं भाजलेलं हॉटडिश वाढलं जात होतं, आणि बोलणं वडिलांवरून तिकडेच वळत होतं.

"गोळी काढायला आधी मंजुरी घेतली होती का म्हणावं," व्हर्ना म्हणाली. ती ऐंशीची आहे, वेदीवरची फुलं तीच सजवते.

"नेटवर्कबाहेरची गोळी होती म्हणे. नाकारली," कोणीतरी टोला हाणला.

टेबलभर हसू फुटलं. पाद्रींनी मान खाली घातली, पण त्यांचे खांदे हलले. मीही हसले. त्या खोलीत प्रत्येकाकडे एक नकाराचं पत्र होतं: कोणाच्या बायकोच्या तपासणीचं, कोणाच्या नातीच्या इन्सुलिनचं. शेजारची आयली एकटी म्हणाली, "त्यालाही पोरंबाळं असतील." कॉफीचा थर्मास पुढे सरकला.

"आणि रेइनोच्या बाबतीत तर सरळ बनवून लिहिलं!" व्हर्ना म्हणाली. "म्हणे हॉलपर्यंत चालला!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होय अशी मान हलवली.

माझा भाऊ वेस हसला नव्हता. तो जेवलाही नव्हता.

घरी परतलो तेव्हा चार वाजत आले होते, उजेड विरत होता. मी उरलेलं हॉटडिश फ्रिजमध्ये ठेवत होते, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आला. वेसने वडिलांची हरणाच्या शिकारीची बंदूक काढून टेबलावर ठेवली होती.

"शिकारीचा हंगाम संपला, वेस."

"माहितीये."

बंदुकीशेजारी अंत्यविधीची पत्रिका होती, वडिलांचा फोटो खाली करून ठेवलेली. मागच्या कोऱ्या बाजूवर वेसच्या अक्षरात पत्रावरच्या त्या डॉक्टरचं नाव आणि पत्ता होता. मिनियापोलिसजवळचं उपनगर. साडेतीन तासांचा रस्ता.

"वेडा झालायस का?"

"त्याला फक्त विचारणारे."

"बंदूक घेऊन?"

"बंदूक नसली की ते पियानो ऐकवतात, लेनी. तूच म्हणालीस." तो काडतुसांची डबी उघडत होता. "पैशासाठी नाही म्हणाला असता ना, तर मी सोडला असता. पण त्याने खोटं लिहिलं. डॅड चालले म्हणून लिहिलं. तिथे बसल्या बसल्या मनानं रचलं. का रचलं, तेवढंच सांग म्हणणार."

"तुझ्या मुलांचा विचार कर."

"डॅडचा कोणी केला?"

मी दारात उभी राहिले. तो माझ्याहून दीडपट आहे, मला बाजूला करणं त्याला जड नव्हतं. पोलिसांना फोन करावा, हे मनात आलं. मग हातात बंदूक असलेला वेस आणि अंगणात आलेली पोलिसांची गाडी डोळ्यांसमोर उभी राहिली. मी काही सांगितलं नसतं तरी कंपनीने कदाचित नाकारलंच असतं. ही गोष्ट मी आठवडाभर स्वतःला इतक्यांदा सांगितली होती, की तिच्यात आता काही उरलं नव्हतं. वेसने कोट चढवला. पत्रिका घडी करून खिशात घातली.

"सरक, लेनी."

"त्याने रचलं नाही."

"काय?"

"गेल्या आठवड्यात मंगळवारी विमा कंपनीतल्या बाईचा फोन आला होता. डॅड कसे आहेत विचारलं. मी म्हणाले, मस्त. मी म्हणाले, हॉलपर्यंत चालत गेले. आठ पावलं चालले होते, वेस, दोघींनी धरून. ते नऊ म्हणत होते. हॉलपर्यंत चालले असं त्यांच्याबद्दल फक्त एका माणसाने सांगितलं, आणि ती मी आहे."