शोधाच्या चौकटीतून

एका वकीलबाईंचं, डी'रोझारिओंचं, नाव साइटवर शोधलं की पान कोलमडतं, अशी तक्रार आली म्हणून लीनाने मुग्धाला बोलावून घेतलं. लीना नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीने कोलकात्याला आली आणि इथलीच झाली. घर सोडून आलेल्या बायकांना आसरा देणारी छोटी संस्था ती बालीगंजच्या आपल्या फ्लॅटमधून चालवायची. मुग्धा तिच्या मैत्रिणीची मुलगी, इथल्याच एका आयटी कंपनीत नोकरीला.

मुग्धाने लॅपटॉप उघडून 'वकील शोधा'च्या चौकटीत ते नाव टाकलं. पानावर एरर आली, आणि तिच्यात डेटाबेसला विचारलेली अख्खी क्वेरी छापलेली.

"मावशी, ही साइट कुणी केली?"

"ओळखीतल्या एकाने. आता तो बंगळुरूला असतो. का गं?"

"त्या 'डी'नंतरच्या चिन्हाने ती गोंधळतेय. म्हणजे चौकटीत लिहिलेलं जसंच्या तसं डेटाबेसच्या हुकमात चिकटवलं जातंय. कुणी नावाऐवजी हुकूमच लिहिला, तर डेटाबेस तोही पाळेल. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात याला."

"वकिलांची नावं तर दिसायलाच हवीत."

"त्याच डेटाबेसात आणखी काय आहे?"

"कुठली बाई कुठे ठेवलीय, ते."

लीनाकडून पासवर्ड घेऊन मुग्धाने सर्व्हरची नोंद उघडली, कुणी कधी काय शोधलं त्याची. सकाळपासून कुणीतरी एकाच ठिकाणाहून ही चौकट चाचपत होतं. आधी नुसतं एक चिन्ह टाकून पाहिलेलं. मग तक्त्यांची नावं काढलेली. मग थेट बायकांच्या तक्त्यात शिरून एकच नाव शोधलेलं: आभा.

लीना खुर्चीवरून उठली. "तिचा नवरा सॉफ्टवेअरमध्येच आहे."

"पत्ता त्याला मिळालाय असंच समज. तिला आत्ता हलव."

आभा गार्डन रीचला, संस्थेच्या भाड्याच्या घरात होती. लीनाने ते घर सांभाळणाऱ्या सुमनदींना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, तरी तेच. तिने पर्स उचलली.

"साइट बंद करू नकोस हं. बायका तिथूनच मदत मागतात."

"फक्त शोधायचं पान बंद करते. तू नीघ."

दार लागलं. मुग्धाने पान बंद केलं आणि मदतीचा फॉर्म तपासला. तिथेही तीच चूक होती. तो तसाच ठेवणं शक्य नव्हतं आणि बंद करणंही. एक ओळ तिला दोनदा लिहावी लागली. क्वेरी आधी पक्की बांधून ठेवायची आणि माणसाने लिहिलेला मजकूर तिला वेगळा द्यायचा. मग त्यात काहीही असो, डेटाबेस त्याला नुसता मजकूर मानतो. तिने फॉर्म असा बदलला, मग शोधाचं पान. त्या पानासाठी डेटाबेसात वेगळं खातं केलं, ज्याला वकिलांच्या यादीपलीकडे काही वाचताच येणार नाही. पानावर छापून येणाऱ्या एरर बंद केल्या. जुनी नोंद जशीच्या तशी दुसरीकडे उतरवून ठेवली.

पान पुन्हा सुरू केल्यावर ती नोंदीकडे बघत बसली. नवीन कुणीच आलं नाही. त्याला हवं ते मिळालं होतं, आता तो चौकटीपाशी कशाला थांबेल? फोन करावासा वाटत होता, पण लीना टॅक्सीत असेल, तिचा फोन मोकळा असायला हवा.

शेवटी लीनाचाच फोन आला. धाप लागलेली. "आभा माझ्याबरोबर आहे. सुमनदी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या, फोन खाली. आम्ही मागच्या गल्लीतून निघालो. मुग्धा, तिचा नवरा कोपऱ्यावरच्या दुकानात तिचा फोटो दाखवून विचारत होता. मी पाहिलं त्याला."

"त्याने तुला?"

"नाही. आता सियालदहच्या पलीकडे, एका ओळखीच्या वसतिगृहात चाललोय. मग पोलिसांत जाते. ती नोंद लागेल."

"काढून ठेवलीय."

मागून हिंदीत कुणीतरी काही विचारलं. लीनाने फोन आभाकडे दिला.

"त्यांना पत्ता कसा कळला?" आभाने विचारलं.

मुग्धाला काहीतरी गुळमुळीत सांगता आलं असतं. "आमच्या साइटमधून," ती म्हणाली. "त्यात दोष होता. आता काढलाय."

"नवा पत्ता कुठे लिहिलात?"

"अजून कुठेच नाही."

"लिहू नका," आभा म्हणाली आणि तिने फोन लीनाकडे परत दिला.