कोलोराडोची शेगडी

आमच्या पालो सोलो गावात आभाळातून पडणारा बर्फ पाहिलेला माणूस एकच होता, तो म्हणजे मी. निदान तीस वर्षं गाव असं धरून चाललं होतं, आणि गावाचा गैरसमज दूर करण्याइतका मी कधी रिकामा नव्हतो.

बाकीच्यांनी पाहिलेला बर्फ मासळीच्या ट्रकमधला. मी तरुणपणी दोन हिवाळे घरातून बेपत्ता होतो, आणि परतल्यावर सांगितलं की सरहद्दीपलीकडे, पार उत्तरेत, कोलोराडोत होतो. तिथे एवढी थंडी, की दुपारी माणसाची सावली बर्फाला चिकटून बसायची. संध्याकाळी ती फावड्याने खरवडायची, खांद्यावर टाकायची आणि मग घरी जायचं. एकाने कंटाळा केला आणि सावली तिथेच टाकून गेला. बिचारा अख्खा उन्हाळा बिनसावलीचा हिंडला. कुत्रीसुद्धा त्याच्यावर भुंकायची नाहीत, त्यांना वाटायचं हा अजून पोचायचाय.

पण लोक पुन्हा पुन्हा मागायचे ती शेगडीची गोष्ट. बर्फाचं वादळ आलं आणि आम्ही चाळीस मजूर एका खोलीत अडकलो. मुकादमाने भिंतीची एकेक फट ओल्या मातीने लिंपली, मध्ये कोळशाच्या तीन शेगड्या पेटवल्या आणि दार लावून घेतलं. तीन दिवस आम्ही मांजराच्या पिल्लांसारखे झोपलो. चौथ्या दिवशी उठलो तर सगळ्यांचे गाल लालबुंद, आणि माझ्या दोस्ताला, फिदेन्सियोला, पँटचं बटण लागेना, झोपेत एवढा जाड झालेला.

ही गोष्ट मी लग्नांत सांगितली, मयतांत सांगितली. एलेउतेरियोच्या मुलीच्या, निकानोराच्या बाप्तिस्म्यालाही सांगितली. त्या दिवशी देवासमोर तिला हातात धरून उभा राहिलेला तिचा पाद्रिनो, धर्माचा बाप, मीच. तेव्हापासून एलेउतेरियो माझा कोम्पाद्रे झाला आणि त्याची बायको तोमासा माझी कोमाद्रे. एकदा हे नातं जुळलं की भांडतानाही 'तुम्ही'च म्हणायचं, असा आमच्याकडचा रिवाज.

त्या फेब्रुवारीत उत्तरेचा वारा तीन दिवस सुटला होता. मंगळवारी सकाळी आभाळातून काहीतरी पडायला लागलं. पहिल्यांदा कोणी मान वर केली नाही. ऊस पेटवला की फडाची राख इथे महिनामहिना पडते. पण ही राख पांढरी होती आणि तळहातावर पाणी होऊन जात होती.

तासाभरात निम्मं गाव माझ्या दारात. हातात मोजे घातलेले, पायांत चपला आणि चपलांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. पोरं बशीत बर्फ घेऊन त्यावर चिंचेचा पाक ओतून खात होती.

"या, कोलोराडोवाले," सोस्तेनेस न्हावी म्हणाला. "सावली खरवडायला फावडं आणू, की तुमचं आहे?"

"तुझी सावली खरवडायला चमचा पुरेल," मी म्हणालो.

लोक हसले, पण डोळे हसत नव्हते. एलेउतेरियो पुढे आला. त्याची सहाशे झाडं संत्र्यांनी लगडलेली, तोडणी पंधरा दिवसांवर.

"कोम्पाद्रे, मस्करी नंतर. काय करायचं ते सांगा. तुम्ही पाहिलंय हे."

आता मला सांगा, गावाने असं तोंडाकडे पाहिल्यावर कोण म्हणेल की नाही बुवा, मी काही पाहिलेलं नाही? मी घसा साफ केला आणि सांगत सुटलो. झाडांना घोंगड्या गुंडाळा. ओळींमध्ये जुने टायर पेटवा. नळ थेंब थेंब चालू ठेवा. कोंबड्या घरात घ्या. निम्मं रेडिओवर ऐकलेलं होतं, निम्मं तिथेच सुचलं. आमच्याकडे घरटी एखादीच जाड घोंगडी, आणि प्रत्येक घोंगडीवर वाघाचं चित्र. अकरा वाजेपर्यंत एलेउतेरियोच्या बागेत पन्नास वाघ झाडांवर चढून बसले होते आणि घोंगड्यांची मालक माणसं खाली टायरच्या काळ्या धुरात दात वाजवत उभी होती.

खरं सांगायचं तर मी खूश होतो. म्हातारपणी असा मान कोणाला मिळतो?

एलेउतेरियोने उसाच्या दारूची बाटली पुढे केली. "घ्या. तुमची कोमाद्रे तर आज तुमच्या नावाने मेणबत्ती लावायची बाकी आहे."

"माझ्यावर खूश? ती? काय झालं?"

"निकानोराची खोली. बाळंत होऊन नऊ दिवस झालेत, वारा लागला तर काय, म्हणून घाबरली होती. मग तिलाच तुमची गोष्ट आठवली. सकाळी सातपासून खोली अगदी कोलोराडोसारखी केलीय. खिडकीला फळी ठोकली, झरोके मातीने लिंपले, दोन शेगड्या आत. मायलेकी अशा झोपल्यात म्हणे. मघाशी तोमासा डोकावून आली. गाल कसे, म्हणाली, लालबुंद."

बाटली माझ्या हातातून बर्फात पडली. फुटलीसुद्धा नाही.

कोलोराडो मला नकाशातही दाखवता येणार नाही. ते दोन हिवाळे मी आपल्याच देशातल्या ताम्पिको बंदरात होतो, बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढत. तिथे एकदा असाच उत्तरेचा वारा सुटला. फिदेन्सियो आणि दुसरा एक पहारेकरी यांनी चौकीच्या फटी पोत्यांनी बुजवल्या, कोळशाची शेगडी पेटवली आणि दार लावून घेतलं. सकाळी ते दार मी उघडलं. दोघांचे गाल लाल होते. माझ्या गोष्टीत खरं तेवढंच. गावी आल्यावर कोणीतरी विचारलं, कुठे होतास, आणि माझ्या तोंडून कोलोराडो निघालं, चाळीस मजूर निघाले, आणि फिदेन्सियो उठून बसला. पुढच्या वेळी सांगताना तो जाड झाला. एकदा उठलेल्याला परत आडवं करायचं मला जमलं नाही.

एलेउतेरियोचं घर बागेच्या टोकाला. जुनं घर आमच्या सगळ्यांसारखंच, वेळूच्या काठ्यांचं, हजार फटींचं. त्यात चूल दिवसभर धुमसली तरी कोणाला काही होत नाही. पण लेकीच्या लग्नात त्याने शेजारी सिमेंटची खोली बांधली होती, वर स्लॅब. गावातली पहिली. सगळे बघायला आले होते. मी धावलो म्हणणं जास्त होईल. दोनदा पडलो, एकदा डुकरावर.

खोलीच्या दाराशी तोमासा मडक्यात कोंबडीचा रस्सा ढवळत बसली होती. दारावर ओली गोधडी टांगलेली.

"कोमाद्रे, दार उघडा."

"शू. झोपलीय ती."

"म्हणूनच उघडा."

"चाळीस दिवस पुरुषाने आत जायचं नाही, हे तुम्हाला या वयात शिकवू? आणि या वाऱ्यात दार उघडायचं?"

"शेगड्या बाहेर काढा. तो धूर माणसाला मारतो."

"धूर कुठाय? कोळसे चांगले पेटवून, धूर गेल्यावर आत ठेवलेत. चूल मी काही आज पहिल्यांदा नाही बघत."

"न दिसणारा असतो. कोमाद्रे, ती गोष्ट खोटी आहे. मी कोलोराडोला गेलोच नाही."

तोमासाने पळी थांबवली आणि माझ्याकडे बघून ती हसायला लागली. इतकी हसली की शालीच्या टोकाने डोळे पुसले. "ऐकलंत का हो," ती माझ्यामागून धापा टाकत आलेल्या एलेउतेरियोला म्हणाली, "तीस वर्षं थापा ऐकवल्या, आणि आज बर्फ समोर पडतोय तर म्हणतात गेलोच नाही."

"कोम्पाद्रे, किती घोट झाले?" एलेउतेरियो म्हणाला.

"देवाशपथ सांगतो."

"देवाशपथ तर ती सावलीची गोष्टपण होती."

मी दाराकडे हात नेला, तर तोमासाने पळी माझ्या मनगटावर हाणली. गरम रस्सा बाहीत शिरला. पासष्ट वर्षांची बाई, पण अंगात बैलाचं बळ, आणि दारात अशी उभी की तिच्यासकट दार उचलावं लागलं असतं.

मी मागे गेलो. भिंतीला संत्री तोडायची शिडी आणि लांब काठी टेकवलेली होती. शिडी झरोक्याखाली लावली आणि चढलो. पायऱ्यांवर बर्फ. चौथ्या पायरीवर चप्पल गेली, मग अनवाणी. काठीने झरोक्यातल्या मातीवर मारलं. माती वाळून घट्ट बसली होती. तोमासाने काम चोख केलं होतं. खालून ती शिडी हलवत होती.

"उतरा खाली. पोरीला वारा लावाल. अहो, यांना उतरवा."

"कोम्पाद्रे, पाया पडतो, उतरा," एलेउतेरियो म्हणाला. त्याचा आवाज आता हसरा नव्हता.

"फिदेन्सियो मेला होता," मी वरून म्हणालो. काठी चालूच होती. "ताम्पिकोत. शेगडीने. मीच बाहेर काढला. तो उठला नाही, कळलं का? कोणीच उठलं नाही."

तेवढ्यात ढेकूळ सुटलं आणि आत पडलं. मागोमाग दुसरं, नारळाएवढं. कसल्यातरी पत्र्यावर पडलं असावं, कारण असा दणका झाला की कुंपणावरची कोंबडी उडाली.

आम्ही तिघं थांबलो. एवढा आवाज डोक्याशी झाल्यावर आतून निकानोरा ओरडायला हवी होती. निकानोरा म्हणजे कोणी ताट आपटलं तरी शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल अशी तडकणारी मुलगी. पोर तरी रडायला हवं होतं.

"निकानोरा," तोमासाने हाक मारली. मग जरा मोठ्याने. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज फाटला.

दार तिनेच उघडलं. गोधडी ओढून फेकली, ती रश्श्यात पडली. मी शिडीवरून उतरलो की पडलो ते आठवत नाही. पुढे गेलो तेव्हा एलेउतेरियो लेकीला काखेत धरून उंबऱ्याबाहेर ओढत होता आणि तोमासा पोर छातीशी धरून बर्फात उभी होती, स्वतः अनवाणी. निकानोराची मान एका बाजूला पडलेली. गाल लाल. ते गाल मी तीस वर्षं लोकांना हसवायला वापरले होते.

मी तिच्या तोंडावर बर्फ चोळला. काय करायचं ते मला ताम्पिकोतही माहीत नव्हतं. एलेउतेरियो तिला हलवत होता, "ए पोरी, ए पोरी," एवढंच म्हणत. बऱ्याच वेळाने तिने उलटी केली, बापाच्या बुटांवर. तेवढं सुंदर काही मी पाहिलेलं नाही, कोलोराडोत धरून. पोर मात्र गप्पच होतं. तोमासाने त्याच्या तळपायाला चापट्या मारल्या, नाकात फुंकलं, देवाला नावं ठेवली. शेवटी ती चिमुरडी शिंकली. शिंकून मग रडली, पण बारीक, भिंतीपलीकडून आल्यासारखं.

डॉक्टर तालुक्याला, रस्ता बंद. वाघ गुंडाळूनही संत्री उकलून झाडावरच फुटली. एलेउतेरियो दोन दिवस बागेकडे फिरकला नाही. तो माझ्याशीही बोलला नाही, आणि तोमासा बोलली तेव्हा असं बोलली:

"शेगडीने काही झालं नाही. वरून भोक पाडून वारा सोडलात, तो लागला तिला. आता जन्मभर डोकं दुखेल पोरीचं. वर बाळंतिणीच्या दाराशी मेलेल्या माणसाच्या गोष्टी."

गावातही हेच चाललं. सोस्तेनेसच्या मते ताम्पिकोची गोष्ट चांगली होती, पण कोलोराडोच्या तोडीची नव्हती.

थंडी अजून दोन दिवस राहिली. तोमासाने दार आता फटीएवढं उघडं ठेवलं, पण एक शेगडी आत ठेवलीच, आणि झरोक्यात चिंधी कोंबली. मी शिडी चढून चिंधी ओढून काढायचो. तासाभराने चिंधी परत आत. पुन्हा मी शिडीवर. दोघं एकमेकांना दिसत होतो, पण तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझ्या पायाची दोन बोटं सुजून काळी पडली होती. रात्री मी त्यांच्या जळणाच्या पडवीत बसायचो आणि बाळाचं रडणं ऐकू आलं की बरं वाटायचं.

शुक्रवारी सकाळी चढलो तर चिंधी नव्हती. मला वाटलं आत पडली. वाकून पाहिलं, तर निकानोरा खाटेवर बसलेली, पोर मांडीवर, आणि चिंधी तिच्या मुठीत. शेगडी विझवलेली.

"पाद्रिनो," ती हळूच म्हणाली. "आईने लिंपलेली माती पडली, तेव्हा मला ऐकू येत होतं. हात हलत नव्हता, पण ऐकू येत होतं."

मी झरोक्यात आणखी वाकलो.

"फिदेन्सियो खरंच उठला नाही?"

मांडीवरच्या पोरीने जांभई दिली. तिचे गाल आता पिवळट होते, बघायला काही खास नाही.

"नाही," मी म्हणालो. "उठला नाही."

निकानोराने मान हलवली, चिंधी उशीखाली सारली आणि त्या उशीवरच बसून राहिली. बाहेर तोमासा चिंधी शोधत होती.